हॉटप्लग: चालू व्हीएमला हार्डवेअर जोडणं आणि काढणं

हॉटप्लग म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर) बंद न करता तिला डिस्क, नेटवर्क कार्ड, रॅम, सीपीयू नाहीतर यूएसबी जोडणं, आणि तसंच चालू असताना काढून घेतलं की त्याला हॉट-अनप्लग म्हणतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इकडच्या बऱ्याच टीम अमेरिका-युरोपातल्या क्लायंटचे सर्व्हर सांभाळतात, तिकडे कामाचा दिवस तेव्हा इकडे संध्याकाळ-रात्र, आणि डाऊनटाइम मागायचा म्हणजे मेल, मंजुरी, चेंज विंडो (बदलासाठी ठरवून दिलेली वेळ) सगळंच आलं, त्यामुळे बंद न करता जेवढं होईल तेवढं करून टाका असाच कल असतो.

आत जे होतं ते असं. हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीएमच्या खोट्या पीसीआय बसवर, म्हणजे कार्ड बसवायच्या मार्गावर, नवीन डिव्हाइस उभं करतो आणि एसीपीआयमार्फत (हार्डवेअर आणि ओएसमधला निरोपाचा मार्ग) गेस्टला, म्हणजे व्हीएमच्या आतल्या ओएसला, कळवतो, मग गेस्टचा कर्नल बस तपासतो आणि ड्रायव्हर लावतो. लिनक्समधला हायपरव्हायझर म्हणजे केव्हीएम, तो कर्नलमध्ये २.६.२० व्हर्जनला, २००७ मध्ये आला, त्याच्या जोडीला खोटं हार्डवेअर उभं करणारं क्यूएमू असतं आणि वरून बहुतेक जण लिबव्हर्ट या व्यवस्थापन लायब्ररीची व्हर्श ही कमांड वापरतात. इथे नवखे हमखास फसतात: अटॅच करताना फक्त लाइव्ह दिलं तर डिस्क चालू व्हीएमला लागते खरी, पण व्हीएम एकदा बंद करून परत चालू केली की गायब, कारण कॉन्फिगमध्ये नोंदच गेलेली नसते. लाइव्ह आणि कॉन्फिग दोन्ही ऑप्शन द्यायचे.

जोडणं सोपं वाटतं, पण त्याची तयारी बूट व्हायच्या आधीच करून ठेवावी लागते. क्यूएमूच्या क्यू३५ मशीन टाइपमध्ये (खोट्या मदरबोर्डचा नवा प्रकार) प्रत्येक नव्या पीसीआय एक्सप्रेस डिव्हाइसला रिकामा रूट पोर्ट, म्हणजे बसायची जागा, लागतो आणि तो पोर्ट चालू व्हीएममध्ये वाढवता येत नाही, म्हणून चार-पाच जास्तीचे आधीच टाकून ठेवलेले बरे. जुन्या आय४४०एफएक्स मशीन टाइपमध्ये बसवर ३२ स्लॉट, त्यातले काही चिपसेटच खातो. व्हर्टआयओ म्हणजे खास व्हीएमसाठी बनवलेली डिव्हाइस, त्यातल्या व्हर्टआयओ-ब्लॉकची प्रत्येक डिस्क एक स्लॉट घेते, व्हर्टआयओ-स्कझीमध्ये एका कंट्रोलरवर ढीगभर डिस्क बसतात, त्यामुळे डिस्क वाढत जाणार असतील तर स्कझीच घ्यावं. आयडीई या जुन्या प्रकारच्या डिस्कला हॉटप्लग नाहीच. रॅमचं पण तेच, जास्तीत जास्त किती आणि स्लॉट किती हे सुरुवातीला सांगितलं नसेल तर नंतर काही करता येत नाही, सीपीयूलाही कमाल आकडा आधीच द्यावा लागतो. आणि रॅम जोडूनही गेस्टमध्ये दिसत नसेल तर लगेच घाबरू नये, कर्नलने ती ऑनलाइन केलेली (वापरात घेतलेली) नसते एवढंच बऱ्याचदा असतं.

खरी डोकेदुखी काढण्याची. पेठेतल्या वाड्यातल्या जुन्या भाडेकरूसारखं आहे हे, ठेवून घ्यायला एक दिवस पुरतो, बाहेर काढायला त्याचीच मर्जी लागते. क्यूएमूला डिव्हाइस काढायला सांगितलं की कमांड लगेच परत येते, पण ती फक्त विनंती असते, गेस्टने डिव्हाइस सोडलं की मगच ते खरंच निघतं आणि तसा इव्हेंट येतो. गेस्ट अजून बूट होत असेल किंवा हँग असेल तर विनंती तशीच लटकते. म्हणून डिस्क काढायच्या आधी आत जाऊन अनमाउंट करा, एलव्हीएममध्ये (अनेक डिस्क एकत्र वापरायची लिनक्सची सोय) असेल तर तिच्या व्हॉल्यूम ग्रुपमधून काढा, नाहीतर वरून डिस्क गेलेली आणि आतून फाइलसिस्टिम एरर ओकतेय असा प्रकार होतो.

रॅम काढणं तर सगळ्यात वाईट. एक्स८६ वर लिनक्स साधारण १२८ एमबीच्या ब्लॉकमध्ये मेमरी मोजतो (मोठ्या मशीनवर ब्लॉक मोठेही असतात) आणि त्या ब्लॉकमधलं एक पान (मेमरीचा छोटा तुकडा) जरी कर्नलला हलवता आलं नाही तरी अख्खा ब्लॉक अडतो. मूव्हेबल झोनमध्ये, म्हणजे जिथली पानं हलवता येतात अशा भागात, ऑनलाइन केली असेल तर निघायची शक्यता वाढते. व्हर्टआयओ-मेम हे रॅमसाठीचं व्हर्टआयओ डिव्हाइस २०२० मध्ये क्यूएमू ५.१ आणि लिनक्स ५.८ सोबत आलं, ते छोट्या तुकड्यांत देतं-घेतं त्यामुळे बरंच सुसह्य आहे. बलून ड्रायव्हर त्याहून जुना, पण त्यात डिव्हाइस निघत नाही, गेस्टकडून पानं परत घेतली जातात एवढंच.

बाकीच्या हायपरव्हायझरचं आणि क्लाउडचं थोडक्यात: व्हीएमवेअरमध्ये सीपीयू हॉट-ॲड (चालू असताना जोडणं) आहे, पण ते सेटिंग व्हीएम बंद असतानाच बदलतं. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये जनरेशन २ च्या (नव्या प्रकारच्या) व्हीएमला चालू असताना नेटवर्क कार्ड जोडायची सोय विंडोज सर्व्हर २०१६ पासून आहे. मायक्रोसॉफ्टच्याच ॲझ्युअर क्लाउडचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, तिथे चालू व्हीएमला डेटा डिस्क आरामात लागते, पण साइझ बदलायची म्हटलं की व्हीएम रीस्टार्ट होते.

आणि हे सगळं नीट जमलं तरी ॲप्लिकेशनला त्याचा पत्ता असतोच असं नाही. रॅम दुप्पट केली तरी जावाची हीप (प्रोग्रामची वापरायची मेमरी) सुरुवातीला दिलेल्या कमाल आकड्याच्या वर जात नाही, पोस्टग्रेस डेटाबेसचे शेअर्ड बफर्स (त्याची कॅशेची मेमरी) वाढवायचे तर डेटाबेस रीस्टार्ट करावाच लागतो, मग वाचला तो फक्त ओएस बूट व्हायचा वेळ.