धातू-सेंद्रिय चौकटी

धातूचे आयन अथवा त्यांचे लहान पुंजके आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांच्या कोऑर्डिनेशन बंधांतून (सेंद्रिय रेणूने इलेक्ट्रॉनांची जोडी धातूला दिल्याने होणाऱ्या बंधांतून) तयार होणारे सच्छिद्र घन पदार्थ. प्रयोगशाळेत ते ‘मॉफ’ या संक्षिप्त नावानेच ओळखले जातात. झिओलाइट या सच्छिद्र खनिजांप्रमाणे यांतही ठराविक मापाच्या पोकळ्यांचे जाळे असते. मात्र जोडणारा रेणू बदलून पोकळीचे माप आणि तिच्या भिंतींचे रासायनिक गुणधर्म बदलता येतात. आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१३ मधील शिफारशीनुसार पदार्थ स्फटिकरूप असणे बंधनकारक नाही. सेंद्रिय जोडरेणू आणि पोकळीची शक्यता एवढ्या दोन अटी पुरतात.

यांचा आरंभ कोठून धरावा याबाबत एकवाक्यता नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीस बर्लिनमध्ये तयार झालेले प्रशियन निळे हे रंगद्रव्य आणि हॉफमान व क्यूस्पर्ट यांनी १८९७ मध्ये वर्णिलेले, बेंझीन पोटात धरून ठेवणारे निकेल सायनाइडाचे संयुग यांना काही लेखक पूर्वज मानतात. या दोहोंतील जोडदुवा सायनाइडाचा असून तो सेंद्रिय म्हणावा की नाही, येथेच मतभेद सुरू होतो. सेंद्रिय जोडरेणू असलेली तांब्याची जालरूप संयुगे जपानमध्ये १९५९ च्या सुमारास वर्णिली गेली होती, पण त्यांच्या पोकळ्यांकडे कोणी साधन म्हणून पाहिले नव्हते.

हेतुपुरस्सर रचनेचे श्रेय सर्वसाधारणपणे मेलबर्न विद्यापीठातील रिचर्ड रॉबसन यांना दिले जाते. विद्यार्थ्यांना दाखवायच्या प्रतिकृतींसाठी १९७४ मध्ये लाकडी गोळ्यांना भोके पाडून घेताना त्यांच्या लक्षात आले, की भोकांच्या जागा ठरल्या की रेणूची रचनाही ठरते. १९८९ मध्ये सहकारी हॉस्किन्स यांच्यासह त्यांनी तांब्याचे आयन आणि चार भुजांचा सायनो-रेणू यांपासून हिऱ्याच्या धर्तीची चौकट मिळवली. तिच्या पोकळ्या नायट्रोबेंझीन हा द्रावक व प्रतिआयन (चौकटीच्या विरुद्ध विद्युतभाराचे आयन) यांनी भरलेल्या होत्या. आयन-विनिमय व उत्प्रेरण या उपयोगांचे भाकीतही त्यांनी केले, परंतु ती चौकट नाजूक होती.

आतला द्रावक काढून घेतल्यावर चौकट उभी राहते का, हा खरा कस आहे. प्रस्तुत नोंदीत ‘सच्छिद्र’ हा शब्द याच अर्थाने वापरला आहे. १९९७ मध्ये सुसुमु कितागावा यांनी कोबाल्ट व इतर धातूंच्या बायपिरिडीन-जोड चौकटींमध्ये मिथेन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे अधिशोषण (पृष्ठभागावर रेणू धरून ठेवणे) दाखवले. ते खोलीच्या तापमानाला, वाढत्या दाबाखाली केलेले होते. ओमर याघी यांनी १९९५ मध्ये ‘मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क’ ही संज्ञा वापरली आणि १९९८ मध्ये जस्त टेरेप्थॅलेटावर ७७ केल्विन तापमानाला कमी दाबाचे नायट्रोजन-समतापी वक्र (स्थिर तापमानाला दाबानुसार किती वायू धरला जातो याचे आलेख) नोंदवले. सच्छिद्रतेच्या मोजमापाची प्रस्थापित रीत ही दुसरी असल्याने सच्छिद्रता प्रथम सिद्ध झाल्याचे वर्ष म्हणून काही अभ्यासक १९९८ धरतात. तथापि रिकाम्या चौकटीत वायू शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो, हे कितागावा यांच्या प्रयोगांतूनही सिद्ध होते. तो मान १९९७ ला देणे अधिक न्याय्य वाटते. रॉबसन, कितागावा व याघी या तिघांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

१९९९ मध्ये दोन महत्त्वाच्या चौकटी प्रसिद्ध झाल्या : याघी यांच्या गटाची मॉफ-५ (जस्त व टेरेप्थॅलेट) आणि हाँगकाँगची एचकेयूएसटी-१ (तांबे व ट्रायमेसेट). दुसरीत सच्छिद्रता डोळ्यांना दिसते. ताज्या स्फटिकांचा रंग फिकट निळा असतो. निर्वातात तापवले की तांब्याला चिकटलेले पाणी निघून जाते आणि भुकटी गडद जांभळट निळी होते. दमट हवेत उघडी ठेवली, तर ती पुन्हा फिकी पडते.

मॉफ-५ चे पृष्ठफळ (अधिशोषणाच्या वक्रावरून काढलेले, पोकळ्यांच्या भिंतींसह एकूण क्षेत्रफळ) हा मात्र दीर्घकाळ गोंधळाचा विषय राहिला. पहिल्या लेखात ते लँगम्यूर पद्धतीने (वायूचा एकच थर साचतो असे धरून) ग्रॅमला २,९०० चौ. मी. दिले होते. पुढे काही प्रयोगशाळांना १,००० पेक्षाही कमी आकडा मिळाला, तर २००७ मध्ये नमुना हवेपासून पूर्ण दूर ठेवून बीईटी पद्धतीने ३,८०० चौ. मी. मोजले गेले. ओलावा लागून ढासळलेली चौकट, पोकळीत अडकलेले जस्ताचे अवशेष आणि एकमेकींत गुंतलेली दोन जाळी ही या फरकाची कारणे दिसतात. शिवाय बीईटी समीकरण एकावर एक थर साचतील असे गृहीत धरते. अतिसूक्ष्म पोकळ्या थर न साचता भरतात, म्हणून समीकरण वक्राच्या कोणत्या पट्ट्यावर लावायचे यासाठी रूकेरॉल यांचे निकष पाळावे लागतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेच १८ वक्र ६१ प्रयोगशाळांना दिले असता उत्तरांत मोठी तफावत आढळली. त्यामुळे ग्रॅमला ७,००० चौ. मी. हून अधिक असे आकडे वाचताना गणनेची पद्धत पाहणे अगत्याचे आहे.

पाण्यापुढील दुबळेपणा सर्वच चौकटींत नाही. ओस्लो विद्यापीठात २००८ मध्ये तयार झालेल्या यूआयओ-६६ मध्ये झिर्कोनियमच्या सहा अणूंच्या पुंजक्याला बारा जोडरेणू धरून ठेवतात. ती पाण्यात टिकते.

उपयोगांपैकी वायूंचे अधिशोषण सर्वांत पुढे गेले आहे. आर्सीन, फॉस्फीन यांसारखे अर्धवाहक उद्योगातील विषारी वायू चौकट भरलेल्या नळकांड्यांत वातावरणापेक्षा कमी दाबाला साठवता येतात. गळती झाली तरी वायू उसळून बाहेर पडत नाही. ॲल्युमिनियमयुक्त मॉफ-३०३ वापरून २०१९ मध्ये अमेरिकेतील मोहावे वाळवंटात हवेतून चौकटीच्या किलोमागे दिवसाला ०.७ लिटर पाणी मिळवण्यात आले. हायड्रोजन साठवणीबाबतच्या सुरुवातीच्या अपेक्षा मोठ्या होत्या, पण भरीव साठा अतिशीत तापमानालाच होतो.

कार्बन डायऑक्साइड वेगळा करण्यासाठी कॅल्गरी विद्यापीठातील जॉर्ज शिमिझू यांच्या गटाची कॅल्फ-२० (जस्त, ट्रायझोलेट व ऑक्झॅलेट) विशेष उल्लेखनीय आहे. चिमणीतून निघणाऱ्या वायूत बाष्प असतेच आणि बहुतेक अधिशोषक आधी तेच घेतात. ही चौकट सुमारे ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत कार्बन डायऑक्साइडाला प्राधान्य देते आणि वाफेनेही बिघडत नाही. रचनेने तिच्या जवळच्या, ॲमिनो गट असलेल्या दुसऱ्या एका चौकटीत कार्बन डायऑक्साइडाचे रेणू नेमके कोठे बसतात, हे २०१० मध्ये क्ष-किरण स्फटिकविज्ञानाने दाखवले गेले. त्या लेखाचे प्रथम लेखक रामनाथन वैद्यनाथन पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत रुजू झाले व तेथे याच विषयावर काम करू लागले.