केनियातला दहशतवाद २०११ मध्ये सुरू झाला का?

'केनियाने २०११ मध्ये सोमालियात सैन्य पाठवलं, त्याआधी केनियात दहशतवाद नव्हताच', असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण त्यानंतर हल्ले खरोखरच वाढले.

पण आधीच्या तारखा बघा. ७ ऑगस्ट १९९८ ला नैरोबीत अमेरिकी वकिलातीबाहेर स्फोट झाला. त्यात २१३ माणसं गेली, त्यातली बहुतेक केनियाचीच. त्या जागी आता बाग आहे आणि तिथल्या भिंतीवर मृतांची नावं कोरली आहेत. कुणीही जाऊन वाचावीत. २००२ मध्ये केनियातल्याच मोम्बासा शहराजवळच्या हॉटेलवर हल्ला झाला.

सरकार तेव्हा स्वस्थ होतं, असंही नाही. दहशतवादविरोधी विधेयक २००३ मध्येच पुढे आलं होतं. पोलिसांना मिळणाऱ्या अधिकारांवर मुस्लिम समाजाने, मानवाधिकारवाल्यांनी जोरदार हरकत घेतली आणि ते बारगळलं. कायदा झाला २०१२ मध्ये. मधली ९ वर्षं म्हणजे निव्वळ दिरंगाई नव्हती, असं मला मनापासून वाटतं. निरपराध माणूस भरडला जाऊ नये, हा आग्रह त्यामागे होता. कायद्याची प्रत इंटरनेटवर आहे, त्यावरचं साल बघून घ्या.