ज्या ‘अ‍ॅगमेम्नॉन’मध्ये अ‍ॅगमेम्नॉन बोलतच नव्हता

१५१८ साली व्हेनिसच्या आल्दुस छापखान्यातून प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसची नाटके पहिल्यांदा छापून बाहेर पडली. त्या पुस्तकातले ‘अ‍ॅगमेम्नॉन’ वाचणाऱ्याची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करून पाहावी. ट्रॉय पडल्याची खबर डोंगरामागून डोंगरावर पेटवलेल्या आगट्यांनी कशी आली, ते राजा अ‍ॅगमेम्नॉनची राणी क्लायटेम्नेस्ट्रा सांगते आहे. तिचे बोलणे संपण्याआधीच मजकूर तुटतो. पुढे एकदम ट्रॉयच्या बंदिवान राजकन्येच्या, कॅसांड्राच्या, प्रवेशाचा एक तुकडा येतो, तोही अर्धवट. त्यानंतर राजाचा मुलगा ओरेस्टिस बापाच्या थडग्यापाशी उभा दिसतो. राजा रथातून येतो कधी, जांभळ्या पायघड्यांवरून महालात जातो कधी, मारला जातो कधी, यातले काहीच नाही. ज्याच्या नावाचे नाटक, त्याच्या तोंडी एक शब्दसुद्धा नाही.

असे का झाले, हे समजायला मागे जावे लागते. एस्किलस, सोफोक्लिस आणि युरिपिडिस हे तिघे इसवी सनपूर्व पाचव्या शतकातले अथेन्सचे नाटककार. प्रयोगांमध्ये नट मंडळी संवाद बदलतात म्हणून पुढच्या शतकात लायकर्गस या अथेन्सच्या मुत्सद्द्याने या तिघांच्या नाटकांच्या अधिकृत प्रती अथेन्समध्ये ठेवण्याचा कायदा केला. याच प्रती, ग्रीक वैद्य गॅलेनने सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, इजिप्तचा राजा टॉलेमी याने पंधरा टॅलेंट चांदी, म्हणजे मोठीच रक्कम, अनामत ठेवून मागवल्या. मग अनामतीवर पाणी सोडले, मूळ प्रती ठेवून घेतल्या आणि अथेन्सला नकला परत धाडल्या. अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी त्यांवर काम केले. नंतरच्या शतकांत शाळांत शिकवली जाणारी मोजकी नाटके तगली, बाकीची गेली. एस्किलसची सात उरली, सोफोक्लिसची सात. युरिपिडिसची मात्र त्याच्या नावावरची एकोणीस उरली, कारण त्याच्या सर्व नाटकांच्या वर्णानुक्रमे लावलेल्या संग्रहाचा एक तुकडा दैवयोगाने कुठेतरी टिकून राहिला.

सोफोक्लिस आणि एस्किलस यांच्या सातही नाटकांची सर्वांत मोलाची पोथी दहाव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात लिहिली गेली. जोव्हान्नी औरिस्पा नावाचा सिसिलियन पंडित पूर्वेकडे ग्रीक पोथ्या धुंडाळत हिंडत असे. त्याच्यामार्फत ती १४२०च्या दशकात फ्लॉरेन्सच्या निकोलो निकोलीकडे पोचली, आणि आजही त्याच शहरातल्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. पण तिच्यातली काही पाने गळालेली होती. ‘अ‍ॅगमेम्नॉन’च्या सुमारे १,६७० ओळींपैकी जेमतेम ४०० ओळी तिच्यात राहिल्या होत्या. शेवटच्या पानांबरोबर पुढच्या ‘कोएफोरी’ या, ओरेस्टिस बापाच्या थडग्यापाशी येतो त्या, नाटकाची सुरुवातही गेली होती. एका नाटकाचा शेवट नाही, दुसऱ्याचा आरंभ नाही. नकलकारांनी दोन्ही सलग उतरवली, त्या नकलांच्या परंपरेतून १५१८चे पुस्तक छापले गेले, आणि दोन नाटकांचे मिळून एक झाले.

छपाईची सुरुवात मात्र युरिपिडिसपासून झाली होती. १४९५च्या सुमारास यानुस लास्कारिस या ग्रीक पंडिताने फ्लॉरेन्समध्ये त्याची चार नाटके छापून घेतली, तीही सगळीच्या सगळी मोठ्या लिपीत, जुन्या शिलालेखांसारखी. देखणी खरी, पण वाचायला जड. खरी मुसंडी मारली ती व्हेनिसच्या त्या छापखान्याच्या मालकाने, आल्दुस मानुत्सिओने. बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्ये पडल्यावर व्हेनिसमध्ये ग्रीक जाणणारे लोक होते आणि पोथ्याही. १५०२च्या ऑगस्टमध्ये सोफोक्लिस, १५०३ मध्ये युरिपिडिस, दोन्ही हातात मावतील अशा छोट्या आकारात. सोफोक्लिसची आवृत्ती त्याने लास्कारिसलाच अर्पण केली. प्रस्तावनेत हिवाळ्यात शेकोटीभोवती बसून मित्रांशी केलेल्या ग्रीक विद्येच्या गप्पांची आठवण आहे. क्रीटहून आलेला ग्रीक पंडित मार्कुस मुसुरुस त्या मंडळींत होता. घाई मात्र फार असे. युरिपिडिसच्या मुखपृष्ठावर सतरा नाटके लिहिली आहेत आणि आत अठरा आहेत.

एकोणिसावे, म्हणजे ‘इलेक्ट्रा’, तेव्हा छापायचे राहिले. ते छापले १५४५ मध्ये पिएरो व्हेत्तोरीने. मला या सगळ्या मंडळींत सर्वांत जास्त आदर वाटतो तो याच माणसाबद्दल. १४९९ मध्ये फ्लॉरेन्समध्ये जन्मलेला व्हेत्तोरी तिथेच अध्यापक होता. ‘इलेक्ट्रा’ची संहिता पोथीतून बाहेर काढण्यात त्याचे दोन शिष्य होते, बार्तोलोमेओ बार्बादोरी आणि जिरोलामो मेई. त्यातला मेई पुढे ग्रीक संगीताच्या अभ्यासात बुडाला. ग्रीक शोकांतिका आरंभापासून शेवटपर्यंत गायली जात असे, असे त्याचे मत होते. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो यांच्याशी १५७२ पासून त्याचा याच विषयांवर पत्रव्यवहार चालला. शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समध्ये ऑपेरा जन्मला, त्यामागच्या विचारांत या पत्रांचा वाटा मोठा आहे.

तुटक्या ‘अ‍ॅगमेम्नॉन’चे कोडे दोन टप्प्यांत सुटले. १५५२ मध्ये फ्रान्चेस्को रोबोर्तेल्लो या इटालियन पंडिताने व्हेनिसमधून एस्किलस काढला. अरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’वर त्याने चारच वर्षांपूर्वी भाष्य लिहिले होते, तेव्हा कथानकाला आदि-मध्य-अंत असतो हे त्याच्या मनात पक्के असणार. आपल्यापुढे एक नव्हे तर दोन नाटकांचे अवशेष आहेत हे त्याने ओळखले आणि ती वेगळी केली. पण गळालेला मजकूर तर्काने मिळत नाही. तो व्हेत्तोरीला मिळाला चौदाव्या शतकातल्या एका दुसऱ्या पोथीत, तीही फ्लॉरेन्समधलीच. तिच्यात ‘अ‍ॅगमेम्नॉन’ पूर्ण होते. १५५७ मध्ये आँरी एस्तिएन या विद्वान मुद्रकाने जिनिव्हात व्हेत्तोरीची आवृत्ती छापली, आपली टिपणे जोडली, आणि राजा पहिल्यांदा छापील पानावर रथातून आला.

मधली एकोणचाळीस वर्षे युरोपातले वाचक मोडके नाटक एस्किलसचे म्हणून वाचत होते. अवघड कवी, दुर्बोध कवी ही त्याची कीर्ती जुनीच होती. मोडतोड झालेल्या पानांनी तिला किती हातभार लावला असेल! व्हेत्तोरीची थोरवी कल्पकतेत नाही. तो पोथी पाहायचा, दुसरीशी ताडायचा, आणि पोथीत आहे ते सहसा बदलायचा नाही. आपल्याकडे याच काळात, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पदरची ओवी घालणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे बजावले. व्हेत्तोरी तेव्हा हयात होता. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नसणार, पण चिंता एकच होती.

संयम सोडला की काय होते, तेही याच शतकाने दाखवले. चौदाव्या शतकाच्या आरंभी थेस्सलोनिकीत देमेत्रिओस त्रिक्लिनिओस नावाचा पंडित होऊन गेला. ग्रीक वृत्तांची जाण असलेला त्याच्यासारखा माणूस त्या काळात दुसरा नव्हता. युरिपिडिसची वर्णानुक्रमातली नाटके आपल्यापर्यंत आली, त्यातही त्याचा हात आहे. पण वृत्त बसेना तिथे तो सरळ शब्द बदलायचा. १५५३ मध्ये पॅरिसच्या आद्रियाँ त्युर्नेबने सोफोक्लिस छापताना त्याचीच संहिता उचलली. पुढे १७८६ मध्ये ब्रुंक या पंडिताची आवृत्ती येईपर्यंत, सव्वादोनशेहून अधिक वर्षे, सोफोक्लिस म्हणून लोक बऱ्याच अंशी त्रिक्लिनिओसच्या दुरुस्त्या वाचत राहिले.

तरीही वृत्ताचे हत्यार टाकाऊ नव्हते, ते कोण चालवतो यावर सगळे होते. ग्रीक वृत्त आपल्या गणवृत्तांसारखेच लघु-गुरूंवर उभे असते. कोरस, म्हणजे नाटकातला गाणारा समूह, एक कडवे गातो, मग त्याच मापाचे दुसरे. एका कडव्यातला शब्द नकलकाराने बिघडवला, तर जोडीच्या कडव्याची मात्रा मोजून बिघाड नेमका कुठे झाला ते दाखवता येते. युट्रेक्टच्या विलेम कांटरने हे पद्धतशीर केले. पॅरिसमध्ये तो जाँ दोराकडे शिकला होता. रोंसारसारख्या कवींना ग्रीकची गोडी लावणारा तोच हा दोरा. रोबोर्तेल्लोने १५५७ मध्येच पाठ कसे दुरुस्त करावेत यावर पुस्तिका लिहिली होती. कांटरने १५६६ मध्ये त्याहून बारीक काम केले. कोणती अक्षरे एकमेकांसारखी दिसून चुकतात, शब्द कुठे चुकीचे तोडले जातात, शेजारच्या शब्दाच्या प्रभावाने शेवट कसा बदलतो, अशा लेखनिकांच्या चुकांची त्याने उदाहरणांसह वर्गवारी लावली. अँटवर्पच्या प्लांटँ छापखान्याने १५७१ मध्ये छापलेल्या त्याच्या युरिपिडिसमध्ये जोडीची कडवी आकडे घालून दाखवली आहेत. असे याआधी कोणी केले नव्हते. १५७५ मध्ये बत्तिसाव्या वर्षी कांटर गेला. त्याचा सोफोक्लिस १५७९ मध्ये आला आणि एस्किलस १५८० मध्ये.

‘कोएफोरी’ला मात्र दुसरी पोथी कधीच मिळाली नाही. त्या नाटकाची सारी संहिता दहाव्या शतकातल्या त्या एकाच पोथीवर टेकलेली आहे. पण अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ या सुखात्मिकेत युरिपिडिस आणि एस्किलस पाताळात एकमेकांच्या ओळींची चिरफाड करतात, आणि युरिपिडिस नेमक्या ‘कोएफोरी’च्या आरंभीच्या ओळींवर बोट ठेवतो. टीका करण्यासाठी उद्धृत केलेल्या त्या ओळी विद्वानांनी उचलून नाटकाच्या तोंडाशी बसवल्या. आजच्या प्रत्येक आवृत्तीत ‘कोएफोरी’ तिथूनच सुरू होते.