एक फेज शून्यावर: अर्थ फॉल्ट की पीटीचा फ्यूज?

न्यूट्रल (तिन्ही फेजचा सामायिक बिंदू) जमिनीला न जोडलेल्या ६.६ केव्ही स्विचबोर्डावर अलार्म वाजतो. ऑपरेटर सिलेक्टर स्विच फिरवतो, तर आर, वाय, बी या तीन फेजपैकी आर फेज ते जमीन व्होल्टेज जवळजवळ शून्य. लगेच "आरला अर्थ फॉल्ट" (फेज जमिनीला टेकला) म्हणून फीडर (बोर्डातून निघणारी लाइन) बंद करायची तयारी सुरू होते. पण पीटीच्या (मीटरसाठी व्होल्टेज कमी करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, बाजूचा आर फेजचा फ्यूज उडाला, तरी हेच चित्र दिसतं. तेव्हा बोर्ड ठणठणीत असतो, मीटरला फक्त आर दिसेनासा झालेला असतो.

म्हणून पडलेल्या फेजकडे बघत बसू नका, उरलेल्या दोघांकडे बघा. निरोगी अवस्थेत केबलच्या कपॅसिटन्समुळे प्रत्येक फेज जमिनीपासून ३.८१ केव्हीवर असतो. आर खरोखर जमिनीला टेकला की अख्खी सिस्टिम सरकते आणि वाय आणि बी ६.६ केव्हीवर चढतात. लाइन-टू-लाइन तिन्ही व्होल्टेज मात्र जागेवरच राहतात, त्यामुळे मोटारी काही न झाल्यासारख्या चालतात. सलग चालणाऱ्या प्लांटमध्ये अशी सिस्टिम घेतात ती याचसाठी.

फ्यूज उडाल्यावर वाय आणि बी ३.८१ वरून हलत नाहीत. उलट लाइन-टू-लाइन मीटरवर वाय-बी ६.६ दिसतं आणि आर-वाय, बी-आर ३.८ च्या आसपास घसरतात. अंडरव्होल्टेज रिलेला (व्होल्टेज पडलं की मोटार बंद करणाऱ्या) हे खरं वाटलं, तर तो चांगल्या मोटारी ट्रिप करू शकतो. पीटीच्या ओपन डेल्टाची (तिन्ही फेजच्या व्होल्टेजची बेरीज देणारी जोडणी, अलार्म तिच्यावरच वाजतो) वाइंडिंग दर फेजला ११०/३ व्होल्टची असेल, तर पक्क्या अर्थ फॉल्टला तिथे ११० व्होल्ट येतात आणि एक एचटी फ्यूज गेल्यास सुमारे ३७. अलार्म दोन्ही वेळा वाजू शकतो, म्हणून नुसत्या अलार्मवर विसंबू नये.

फॉल्ट अर्धवट असला, म्हणजे ओलसर केबल जॉइंट किंवा इन्सुलेशन उतरलेली मोटारीची वाइंडिंग, तर आकडे इतके स्वच्छ मिळत नाहीत. अशा वेळी ज्या फेजचं व्होल्टेज सर्वात कमी, तोच दोषी असं धरून चालतात. हे नेहमी खरं नसतं. फॉल्टचा रेझिस्टन्स जास्त असेल तर दोषी फेजपेक्षा शेजारचा फेज खाली दिसू शकतो. सर्वात वर चढलेला फेज शोधा. आर-वाय-बी या क्रमात त्याच्या पुढचा तो दोषी. बी सर्वात वर असेल तर आर तपासा. फ्यूजच्या बाबतीत नेहमीच्या वर कुणीच चढत नाही, आणि मला हीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते.

फ्यूजचं काम सरळ आहे: परमिट घ्या, पीटी ट्रॉली बाहेर काढा, फ्यूज बदला, पण तो का उडाला तेही बघा. अर्थ फॉल्टला मात्र वेळ दवडता येत नाही. वाय आणि बीच्या इन्सुलेशनवर १.७३ पट ताण आहे. ठिणग्या उडत फॉल्ट लागत-सुटत असेल तर त्याहूनही जास्त. यांपैकी एक फेज दुसरीकडे कुठे जमिनीला टेकला की थेट फेज-टू-फेज शॉर्ट. "न्यूट्रल अर्थ नाही, मग शॉक बसणार नाही" हा समज तर जिवावर बेतणारा आहे. अशा वेळी निरोगी फेज आणि जमीन यांच्यात पूर्ण लाइन व्होल्टेज असतं.

फॉल्ट शोधताना फीडर एकेक करून बंद करतात आणि ओपन डेल्टाचं व्होल्टेज कधी पडतं ते बघतात. डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, ४१५ व्होल्टच्या बाजूला शोधू नका. तिथला अर्थ फॉल्ट ६.६ च्या ओपन डेल्टावर उमटतच नाही. बहुतेक लोक फीडर बंद करतात, अलार्म गेला नाही की तो परत चालू करतात आणि पुढच्याकडे वळतात. एकाच फेजवर दोन फीडर एकदम फॉल्टी असतील, तर असं दिवसभर केलं तरी हाती काही लागत नाही. पहिली फेरी अशी वाया गेली, तर दुसऱ्या फेरीत बंद केलेला फीडर बंदच ठेवा आणि पुढचा बंद करा. व्होल्टेज पडलं की शेवटचा फीडर दोषी. मग तो उघडा ठेवून आधीचे एकेक परत घ्या. ज्याच्यावर अलार्म पुन्हा उठेल, तो दुसरा.