अंगाने बारीक, तरीही साखर: मधुमेह टाळण्याच्या विचाराची पार्श्वभूमी

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराचे, दोन प्रकार सांगितले आहेत: एक सहज, म्हणजे जन्मासोबत आलेला, आणि दुसरा अपथ्यनिमित्तज, म्हणजे चुकीच्या आहारविहारातून ओढवलेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश आणि दुसऱ्या प्रकारचा बहुधा स्थूल असतो, असे निरीक्षणही तेथे नोंदवलेले आहे. चरकसंहितेतील कारणांची यादी 'आस्यासुखं स्वप्नसुखं' येथून सुरू होते. बसून राहण्याचे आणि झोपेचे सुख आधी येते, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ त्यानंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण आजही साखर निघाली की माणूस प्रथम चहा बिनसाखरेचा करतो आणि दिवसभराचे बैठे काम मात्र तसेच चालू ठेवतो. सुश्रुताचा उपाय याच धाग्यावर आहे: निर्धन रोग्याने पायताण आणि छत्रीवाचून, भिक्षेवर, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, सधनाने सावा, रानभात, आवळा, कवठ यांवर राहून गाईंच्या मागे हिंडावे, कोणी जमीन नांगरावी, कोणी विहीर खणावी.

आधुनिक वैद्यक या विचाराकडे फार उशिरा वळले. 1889 मध्ये स्ट्रासबर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या संशोधकांनी स्वादुपिंडाशी या रोगाचा संबंध दाखवला, 1921 मध्ये टोरांटोला इन्सुलिन हाती आले आणि मरणाच्या दारातली मुले जगू लागली. त्यानंतर अनेक दशके सारे लक्ष उपचारांवर राहिले, आणि ते स्वाभाविकही होते.

मधुमेह मुळातच टाळता येतो का, याची मोठी पद्धतशीर तपासणी 1986 मध्ये चीनमधील दाचिंग शहरात सुरू झाली. साखर वाढलेली, पण मधुमेह न झालेली 577 माणसे निवडून त्यांच्या आहारात आणि व्यायामात सहा वर्षे बदल केला, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. अमेरिकेतील 3,234 जणांच्या पाहणीत 2002 मध्ये दिसले की आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम आणि सुमारे 7 टक्के वजनघट हे लक्ष्य ठेवणाऱ्या गटात मधुमेह 58 टक्क्यांनी कमी झाला, तर मेटफॉर्मिन या साखर उतरवणाऱ्या गोळीने 31 टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने 531 जणांवर केलेला असाच प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे काहीही बदल न केलेल्या गटात तीन वर्षांत शंभरातील 55 जणांना मधुमेह झाला, राहणीमान बदलणाऱ्यांत 39 जणांना. दोन गोष्टी येथे ध्यानात घ्यायला हव्यात. आपल्याकडे साखर वाढलेली, पण मधुमेह न झालेला, या उंबरठ्यावरून मधुमेहाकडे जाण्याचा वेग अमेरिकेतील लोकांपेक्षा बराच जास्त होता. आणि ज्यांना लाभ झाला त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते. म्हणजे भारतीय शरीरात वजनकाट्याला न दिसणारे काहीतरी होते.

त्याचा शोध पुण्यात लागला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना आपले रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा तरुण आणि सडपातळ दिसत होते. 1993 पासून त्यांच्या गटाने, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या संशोधकांसह, पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींची पाहणी केली. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले; साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. मात्र बाळाच्या खांद्याच्या फऱ्याखालची कातडी मोजपट्टीच्या चिमट्यात धरली, तेव्हा तिची जाडी गोऱ्या बाळांच्या बरीच जवळ निघाली. पोट आणि स्नायू लहान राहिले होते, चरबी मात्र जवळपास टिकून होती. हाडकुळे दिसणारे बाळ आतून मेदयुक्त होते. याज्ञिकांनी पुढे 2004 मध्ये लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्याशेजारी स्वतःला उभे करून हेच दाखवले: उंचीच्या तुलनेत दोघांचे वजन सारखे, बीएमआय 22.3, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याकडे वजनापेक्षा कंबरेचा घेर अधिक खरे सांगतो आणि पुरुषांसाठी 90, स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात, त्यामागचे कारण यातून कळते.

त्याच गावांत असेही आढळले की गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती. ज्या मातांच्या रक्तात फोलेट (ब गटातील एक जीवनसत्त्व) जास्त आणि बी-12 जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, मधुमेहाकडे नेणारी प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. 1970 च्या दशकात भारतीय शहरांत शंभरामागे सुमारे दोन मधुमेही सापडत. 2023 मधील राष्ट्रीय पाहणीने देशात 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला. एवढी मोठी वाढ चाळिशीनंतर सुरू केलेल्या सकाळच्या फेरीने एकटीने आवरणार नाही, असे माझे मत आहे. चालायलाच हवे, पण सुरुवात त्याच्या बरीच आधी व्हायला हवी. पुण्यातील गटाने ती तशी केली: जन्मताच ज्यांच्या पाठीची कातडी मोजली होती, त्याच मुलामुलींना वयात आल्यावर, 2012 पासून, त्यांची स्वतःची मुले होण्याआधीच, रोज थोड्या मात्रेत बी-12 देण्याचा प्रयोग सुरू झाला.