वृद्ध गिनी पिगची शुश्रूषा : पोटाचे आणि लघवीचे विकार

गिनी पिग (कॅव्हिया पोर्सेलस) हा कृंतक गणातील पाळीव प्राणी साधारणपणे ५ ते ८ वर्षे जगतो आणि चौथ्या-पाचव्या वर्षानंतर त्याची गणना वृद्धांत होऊ लागते. या वयात पोटाचे आणि लघवीचे विकार वारंवार आढळतात आणि ते बहुधा एकमेकांत गुंतलेले असतात. लघवी करताना दुखत असलेला प्राणी खाणे कमी करतो, खाणे कमी झाले की आतड्यांची हालचाल मंदावते, आणि पोट दुखू लागले की तो पाणीही पुरेसे घेत नाही, त्यामुळे लघवी आणखी दाट होते. म्हणूनच मुतखड्यावर उपचार चालू असतानाही शुश्रूषा करणाऱ्याचे पहिले लक्ष खाण्याकडेच असावे लागते.

गिनी पिगच्या पचनाचा मोठा भाग उंडुकात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागात होतो. तेथील जिवाणू गवतातील तंतुमय पदार्थ आंबवतात आणि ही व्यवस्था चारा सतत आत येत राहिला तरच सुरळीत चालते. चारा थांबला की जिवाणूंचे संतुलन बिघडते आणि वायू साचून पोट फुगते. या प्राण्याला ओकारीही काढता येत नाही. अर्धा दिवस काहीच न खाल्लेला वृद्ध गिनी पिग उद्यापर्यंत थांबवून ठेवू नये. त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. खाणे सुटण्याचे कारण दातांतही असू शकते, कारण त्याचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात आणि दाढा वेड्यावाकड्या वाढल्या तर जीभ त्यांच्याखाली दाबली जाते. असा प्राणी वाटीकडे धावत येतो, काडी तोंडात घेतो आणि टाकून देतो. त्याला भूक आहे, पण चावता येत नाही, ही गोष्ट इतकी स्पष्ट दिसत असूनही अनेकदा ‘म्हातारपणामुळे अन्नावरची वासना गेली’ असा तिचा चुकीचा अर्थ लावला जातो.

स्वतः न खाणाऱ्या प्राण्याला तंतुमय भुकटी कोमट पाण्यात कालवून, सुई नसलेल्या सिरिंजने भरवतात. त्याला टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून मांडीवर चारही पायांवर बसवावे, उताणे कधीही करू नये. सिरिंजचे टोक पुढच्या दातांच्या मागे, दाढांच्या अलीकडे असलेल्या मोकळ्या जागेत बाजूने सारावे, एका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर सोडावे आणि जबडा हलून घास गिळला गेल्याचे दिसल्यावरच पुढचा घास द्यावा. घाई केल्यास पातळ अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. दिवसाचे एकूण प्रमाण पशुवैद्य वजनावरून ठरवतो आणि ते दिवसरात्रीच्या अनेक वेळांत विभागावे लागते. पोट टणक फुगलेले असेल, तर मात्र तपासणीपूर्वी भरवू नये.

वृद्ध नरांत आढळणारा एक विकार म्हणजे गुदद्वारालगतच्या पिशवीत विष्ठा साचणे. तेथील स्नायू सैल पडल्यामुळे, एरवी प्राणी स्वतः तोंडाने उचलून पुन्हा खातो त्या मऊ लेंड्या आतच गोळा होतात आणि पुरेशा वाकू न शकणाऱ्या स्थूल प्राण्याला त्या काढता येत नाहीत. कोमट पाण्याने किंवा थोड्या खनिज तेलाने भाग ओलसर करून, खालून हलक्या बोटाने दाबत हा गोळा बाहेर काढतात. पहिल्यांदा हे पशुवैद्याकडून शिकून घ्यावे. पुढे ते कित्येकदा रोजचेच काम होऊन बसते.

औषधांच्या बाबतीत एक इशारा महत्त्वाचा आहे. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि क्लिंडामायसिन यांसारखी प्रतिजैविके तोंडाने दिल्यास उंडुकातील उपयुक्त जिवाणू मरतात, घातक जिवाणू वाढतात आणि गिनी पिग त्यातच दगावू शकतो. मांजर किंवा कुत्र्यासाठी आणलेले उरलेले औषध त्यामुळे कधीही देऊ नये.

लघवीच्या विकारांचे मूळ बहुधा कॅल्शियममध्ये असते. अन्नातील कॅल्शियम या प्राण्याच्या आतड्यांत सढळपणे शोषले जाते आणि जास्तीचे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. लघवी अल्कधर्मी, म्हणजे सुमारे ८ ते ९ सामूची (पीएच) असल्याने तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे कण सहज बनतात. लघवी थोडी दुधाळ असणे आणि वाळल्यावर पांढरी भुकटी उरणे हे निरोगीपणातही दिसते. पण तो थर बोटांना वाळूसारखा खरखरीत लागला, तर मूत्राशयात गाळ साचत असल्याची शंका घ्यावी. पाठ कमानीसारखी वर काढून बसणे, लघवी किंवा लेंड्या टाकताना बारीक चिरका आवाज काढणे, मागचा भाग सतत ओला राहणे आणि लघवीत रक्त दिसणे ही खड्याची किंवा मूत्राशयदाहाची लक्षणे होत. खडे क्ष-किरण चित्रात बहुधा स्पष्ट दिसतात. वृद्ध मादीत मात्र रक्त गर्भाशयातूनही येऊ शकते, म्हणून सोनोग्राफीही करून घ्यावी. नराच्या अरुंद मूत्रमार्गात खडा अडकून लघवी बंद झाली, तर काही तासांतच जिवावर बेतते.

आहारात लसूणघास म्हणजेच अल्फाल्फा टाळून टिमोथीसारखे वाळलेले गवत अमर्याद द्यावे, गोळ्यांचे खाद्य कमी करावे, आणि पार्सली, केल किंवा पालक रोज देऊ नये. कॅल्शियम पूर्ण तोडण्यापेक्षा पाणी वाढवण्याचा उपयोग अधिक होतो, म्हणून भाज्या धुऊन ओल्याच घालाव्यात. गिनी पिगचे शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. निरोगी प्राण्याला किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम पुरते, आजाऱ्याला त्याहून अधिक लागते. ते थेट तोंडात द्यावे, कारण पाण्यात मिसळल्यास त्याची शक्ती लवकर नाहीशी होते.

हा प्राणी दुखणे लपवतो, त्यामुळे ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातील वजनकाटा हे शुश्रूषेचे सर्वांत विश्वासू साधन ठरते. आजारपणात रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवावे. १,००० ग्रॅमचा प्राणी ९०० ग्रॅमवर आला, तर ती गंभीर घट समजावी. अंथरूण मऊ आणि कोरडे असावे, कारण ओलाव्याने मांड्यांची कातडी सोलवटते आणि तळपायांना जखमा होतात. सोबतीच्या प्राण्याला शक्यतो वेगळे करू नये. त्याला खाताना पाहून आजारी प्राणीही गवताला तोंड लावतो.

खडा काढण्याची शस्त्रक्रिया वृद्ध प्राण्यात जोखमीची असते आणि यशस्वी झाली तरी खडे पुन्हा होऊ शकतात. पशुवैद्याने दिलेल्या वेदनाशामकानंतरही प्राणी गवताकडे वळत नसेल, अंग साफ करणे सोडून कोपऱ्यात केस फुलवून बसत असेल आणि भरवूनही वजन उतरत असेल, तर दयामरणाविषयी पशुवैद्याशी वेळेत बोलावे.