शस्त्रन्यास (गन ट्रस्ट)

अमेरिकेच्या संघीय कायद्याने कडक नोंदणीखाली आणलेली शस्त्रे एखाद्या माणसाच्या नावावर न घेता न्यासाच्या, म्हणजे ट्रस्टच्या, नावावर घेण्याची व बाळगण्याची रीत. साध्या पिस्तुलासाठी किंवा शिकारीच्या रायफलीसाठी तिची सहसा गरज पडत नाही. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली येणाऱ्या शस्त्रांसाठी ती महत्त्वाची ठरते. या वर्गात मशीनगन, १६ इंचांहून (सु. ४०.६ सेंमी.) आखूड नळीची रायफल, १८ इंचांहून (सु. ४५.७ सेंमी.) आखूड नळीची शॉटगन, सायलेन्सर, हातबाँबसारखी ‘विध्वंसक साधने’ आणि पेनात किंवा काठीत दडवलेल्या बंदुकीसारखी किरकोळ शस्त्रे मोडतात. यांची मध्यवर्ती नोंदवही अल्कोहोल, तंबाखू, शस्त्रे व स्फोटके विभाग (एटीएफ) ठेवतो.

दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धे आणि १९२९ मधील शिकागोचे सेंट व्हॅलेंटाइन दिनाचे हत्याकांड यांच्या पार्श्वभूमीवर महान्यायवादी होमर कमिंग्ज यांनी या कायद्याचा पाठपुरावा केला. सरळ बंदी घालण्याऐवजी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कराचा मार्ग घेतला : शस्त्र बनवताना वा हस्तांतरित करताना २०० डॉलर. त्या काळी ही रक्कम कित्येक शस्त्रांच्या किमतीहून जास्त होती. पुढे तिच्यात वाढ झाली नाही, त्यामुळे तिचा जाच दशकागणिक कमी होत गेला. कर लावण्याच्या अधिकारात हा कायदा बसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये सॉन्झिन्स्की खटल्यात ठरवले. १९३९ च्या मिलर खटल्यात आखूड शॉटगनबाबत दुसऱ्या घटनादुरुस्तीचा (शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा) आधार त्याने नाकारला.

आखूड नळीची शस्त्रे या यादीत का आली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. टोळ्यांच्या हातांतील कापलेल्या शॉटगन हेच मुख्य लक्ष्य होते, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार मूळ विधेयकात पिस्तुले व रिव्हॉल्व्हरही होती आणि लांब बंदुकीची नळी कापून कोणी पळवाट काढू नये म्हणून लपवता येणारी शस्त्रे त्यात घातली गेली. नंतर विरोधामुळे पिस्तुले वगळली गेली, पण पिस्तुलांवरील निर्बंधाच्या राखणीसाठी घातलेले हे कलम तसेच राहिले. शॉटगनबाबत पहिले मत पटण्यासारखे आहे, रायफलींच्या बाबतीत मात्र दुसरेच अधिक सयुक्तिक दिसते. मूळ कायद्यात दोन्हींसाठी मर्यादा १८ इंचांचीच होती. रायफलींची मर्यादा १९६० मध्ये सरसकट १६ इंचांवर आणली गेली. हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९ मध्ये पेटंट घेतलेल्या सायलेन्सरचा समावेश का झाला, यावर तत्कालीन चर्चेत फारसा प्रकाश पडत नाही. मंदीच्या काळातील चोरट्या शिकारीला आळा घालण्याचे कारण पुष्कळदा दिले जाते, पण ते बहुधा मागाहून जोडलेले असावे.

१९६८ मध्ये हेन्स खटल्यात नोंदणीची सक्ती म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती ठरते, असा निकाल लागला. काँग्रेसने त्याच वर्षी कायद्याची फेररचना केली, ‘विध्वंसक साधने’ हा वर्ग जोडला आणि शिक्षेविना नोंदणी करण्यास महिनाभराची सवलत दिली. १९ मे १९८६ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने त्या तारखेनंतरच्या मशीनगन खाजगी मालकीबाहेर गेल्या. तेव्हापासून बाजारात फिरणाऱ्या मशीनगनची संख्या गोठली असून त्यांच्या किमती चढत राहिल्या आहेत.

न्यासाची गरज मुख्यतः ताब्याच्या नियमातून निर्माण होते. ज्याच्या नावावर शस्त्र नोंदलेले नाही त्याने ते ताब्यात ठेवणे हा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि ‘ताबा’ म्हणजे केवळ हातात धरणे नव्हे. नवऱ्याच्या नावावरील सायलेन्सर तिजोरीत आहे, नवरा परगावी आहे आणि तिजोरीचा आकडा बायकोला ठाऊक आहे, एवढ्यावरही तिच्यावर ताब्याचा आरोप येऊ शकतो. दोघेही विश्वस्त असतील तर हा धोका टळतो. यासाठी बहुधा रद्द करता येण्याजोगा हयातीतील न्यास करतात. त्यात न्यासकर्ता, विश्वस्त, लाभार्थी आणि मृत्यूनंतर सूत्रे हाती घेणारा उत्तराधिकारी विश्वस्त नेमलेले असतात व शस्त्रांची यादी दस्तऐवजाला जोडलेली असते. न्यास राज्याच्या कायद्याने घडतो. न्यासकर्ता, एकमेव विश्वस्त आणि एकमेव लाभार्थी एकच माणूस असेल तर कायदेशीर व लाभाची मालकी एकत्र विलीन होऊन न्यासच उरत नाही. तयार छापील नमुन्यांवर घाईने केलेल्या न्यासांत हा दोष राहून जाऊ शकतो आणि मग त्यावर नोंदलेली शस्त्रे नेमकी कोणाची, असा गंभीर प्रश्न उभा राहतो.

वारशाबाबत न्यासाची महती काहीशी वाढवून सांगितली जाते. व्यक्तीच्या नावावरील शस्त्रही कायदेशीर वारसाला एटीएफच्या फॉर्म ५ या अर्जावर करमुक्त मिळते. न्यासात उत्तराधिकारी विश्वस्ताला लगेच ताबा घेता येतो, हा फायदा खरा आहे. मात्र शस्त्र न्यासातून काढून लाभार्थ्याच्या नावावर करायचे झाले की अर्ज करावाच लागतो.

ही रीत स्थूलमानाने २००० नंतरच्या दशकात पसरली. व्यक्तीच्या अर्जावर तेव्हा स्थानिक पोलीसप्रमुखाची किंवा शेरीफची सही लागे, सोबत छायाचित्र व बोटांचे ठसेही. संगणकावरील पार्श्वभूमी-तपासणी नव्हती त्या काळात या सहीला अर्थ होता. पुढे मात्र काही अधिकारी कोणालाच सही देईनात आणि कायद्याने पात्र असलेला नागरिक केवळ राहत्या गावामुळे अडकून पडू लागला. न्यासाला सही, छायाचित्र, ठसे यांपैकी काहीच लागत नसे. न्यास व तत्सम संस्थांचे अर्ज २००० मधील सु. ८४० वरून २०१२ मध्ये सु. ४०,७०० पर्यंत गेले, असे एटीएफने नोंदवले आहे. याला ‘पळवाट’ म्हणण्याची प्रथा आहे. विश्वस्तांची तपासणी होत नसे, हा आक्षेप योग्यच होता. परंतु या वाढीच्या मुळाशी मनमानीने अडवलेली सही होती, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे.

व्यक्ती व न्यास यांच्या अर्जांतील हा भेद एटीएफच्या ‘४१ एफ’ या नियमाने बराचसा मिटवला. जानेवारी २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि १३ जुलै २०१६ पासून लागू झाला. न्यासातील प्रत्येक ‘जबाबदार व्यक्तीने’ प्रश्नावली, छायाचित्र व ठसे देणे तेव्हापासून बंधनकारक आहे. पोलीसप्रमुखाची सही सर्वांसाठीच रद्द झाली व तिच्या जागी केवळ सूचना पाठवणे आले. न्यासकर्ता व विश्वस्त जबाबदार व्यक्तींत येतात. लाभार्थी सहसा येत नाही, पण शस्त्र हाताळण्याचा अधिकार दस्तऐवजाने त्याला दिला असेल तर तोही येतो. मंजुरीनंतर नेमलेल्या नव्या विश्वस्ताची माहिती लगेच कळवण्याचे बंधन मात्र नियमात नाही.

‘व्यक्ती’ कोणाला म्हणावे, यावरून सर्वांत चिवट वाद झाला. महसूल संहितेतील व्याख्येत न्यासाचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणूनच तो १९३४ च्या कायद्याखाली अर्ज करू शकतो. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टच्या व्याख्येत माणूस, कंपनी, भागीदारी, संघटना आहेत, न्यास नाही. मशीनगनबंदीचे १९८६ चे कलम याच दुसऱ्या व्याख्येवर चालते आणि ते ‘कोणत्याही व्यक्तीला’ उद्देशून आहे. मग न्यास त्या बंदीच्या बाहेर राहतो का? एटीएफनेच एका पत्रात नोंदणीकृत संस्था नसलेला न्यास या व्याख्येत येत नसल्याचे म्हटले होते. २०१४ मध्ये न्यासांनी मशीनगन बनवण्यासाठी अर्ज केले. एका न्यासाला मंजुरीही मिळाली, पण चुकून दिली म्हणून ती लगेच मागे घेण्यात आली. २०१६ मध्ये तिसऱ्या आणि पाचव्या मंडलाच्या अपील न्यायालयांनी (पाचव्यात हॉलिस विरुद्ध लिंच) हा युक्तिवाद फेटाळला. न्यास स्वतः शस्त्र हाती धरत नाही, ते विश्वस्त धरतो आणि विश्वस्त हा माणूसच असतो, असे तर्कशास्त्र त्यामागे आहे. ते ग्राह्य वाटते, कारण उलट अर्थ लावल्यास एका दस्तऐवजाने सबंध बंदी निष्प्रभ झाली असती. तरीही दोन कायद्यांतील व्याख्यांची ही विसंगती संसदीय दुरुस्तीने दूर झालेली नाही.

व्यवहारातील एका नियमाचा परिणाम न्यासाच्या नावावरही झाला आहे. फॉर्म १ वर मंजुरी घेऊन न्यासाने स्वतः शस्त्र बनवले, उदाहरणार्थ रायफलीची नळी आखूड केली, तर बनवणारा म्हणून न्यासाचे नाव, गाव व राज्य धातूवर कोरावे लागते. त्याची खोली किमान ०.००३ इंच हवी आणि अनुक्रमांकाची उंची किमान १/१६ इंच. त्यामुळे न्यासाची नावे मुद्दाम आखूड ठेवली जातात. आखूड रायफल, आखूड शॉटगन, मशीनगन किंवा विध्वंसक साधन राज्याबाहेर नेण्यापूर्वी एटीएफची परवानगी लागते. सायलेन्सरला ती लागत नाही. राज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क व न्यू जर्सीत सामान्य नागरिकाला सायलेन्सर ठेवता येत नाही, तेथे न्यासाचाही इलाज चालत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवावा असा एक मुद्दा आहे. एच-१ बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद सोडता संघीय कायद्याने शस्त्र बाळगता येत नाही. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही. पती नागरिक आणि पत्नी किंवा भाऊ तात्पुरत्या व्हिसावर असतील, तर त्यांना विश्वस्त केल्याने ती मनाई उठत नाही.

जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने सायलेन्सर, आखूड नळीची शस्त्रे व किरकोळ शस्त्रे यांच्यावरील कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. मशीनगन व विध्वंसक साधनांवर २०० डॉलर कायम आहेत. अर्ज, ठसे, नोंदणी यांत बदल नाही, म्हणून न्यासाचे प्रयोजनही टिकून आहे. मात्र ज्या कराच्या आधारावर १९३७ चा निकाल उभा आहे तोच गेल्यावर नोंदणी घटनात्मक कशी, असे आव्हान न्यायालयांत देण्यात आले आहे.

भारतात या रीतीला समांतर असे काही नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात निषिद्ध शस्त्रांसाठी कलम ७ अन्वये केंद्र सरकारची विशेष अनुमती लागते. शस्त्रांची कमाल संख्या २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आणली. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला स्वतःच्या नावाने नवा परवाना मागावा लागतो.